ऐकलेल्याचा पाठ : वऱ्हाडातील रेडिओच्या आठवणी आणि रिद्धपूरची परंपरा

प्रास्ताविक

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरचा परिचय मराठीच्या प्राध्यापकांना नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' आणि महदंबेचे 'धवळे' यांमुळे मराठी वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरण या गावाशिवाय पूर्ण होत नाही. अलीकडे मराठी भाषा विद्यापीठाच्या स्थापनेमुळे आणि २०२४ मध्ये त्याच्या पहिल्या कुलगुरूंच्या नियुक्तीमुळे हे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वरवर पाहता या परंपरेपासून बराच दूरचा आहे. हा विषय म्हणजे रेडिओ, आणि त्याच परिसरातील लोकांच्या मनात शिल्लक असलेल्या त्याच्या आठवणी.

या विषयाकडे वळण्याचे कारण काहीसे घरगुती आहे. प्रस्तुत लेखकाचे आजोळ रिद्धपूरच्या परिसरातील. आजोळी गेल्यावर संध्याकाळच्या बैठकीत जुन्या गोष्टी निघाल्या, की हटकून रेडिओची गोष्ट निघते. बिनाका गीतमाला, विविध भारती, बातम्या, बाजारभाव, सिलोनवरची जुनी गाणी. सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक उजळलेपण येते आणि ऐकणाऱ्या आमच्या पिढीलाही ते सारे आपणच अनुभवले असे वाटू लागते. वास्तविक प्रस्तुत लेखकाच्या जन्मापूर्वीच सिलोनवरील गीतमालेचे पर्व संपत आले होते. तेव्हा आमची ही स्मरणरम्यता उसनी आहे. उसन्या वस्तूचा हिशेब अधिक काळजीने ठेवावा लागतो.

रेडिओविषयीच्या आठवणींचे लेखन मराठीत विपुल आहे. दिवाळी अंकांतून आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून ते सातत्याने प्रसिद्ध होत आले आहे. त्यातील बहुतेक लेखन मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातून आलेले आहे. चाळीतली सकाळ, आंघोळीची घाई आणि भिंतीवरच्या फळीवरील मर्फीचा संच हे त्याचे ठरलेले नेपथ्य. वऱ्हाडातील खेड्यात रेडिओ कसा आला, तो कोणी ऐकला, कोठे बसून ऐकला आणि त्या ऐकण्याची नोंद कशी करावी, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

आवाज पोहोचला कसा

भारतातील संघटित प्रसारणास २३ जुलै १९२७ रोजी मुंबई येथे 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'च्या केंद्राने आरंभ झाला आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. वऱ्हाडाला आपले म्हणता येईल असे केंद्र मात्र स्वातंत्र्यानंतरच मिळाले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांतात होते, नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती आणि प्रांत द्विभाषिक होता. त्यामुळे या केंद्रावरून मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा ऐकू येत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रांत दोनदा बदलला, केंद्र तेच राहिले. वऱ्हाडी माणसाच्या कानाला हिंदी कधी परकी वाटली नाही, याच्या कारणांत बाजारपेठ आणि रेल्वे यांच्याबरोबर या केंद्राचाही अल्पसा वाटा मानावा लागेल.

नागपूर आणि रिद्धपूर यांत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. हे अंतर मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या पृष्ठभागालगत प्रवास करून पार करतात. सूर्यप्रकाशात वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित आवरणाचा खालचा थर या लहरी शोषून घेतो, म्हणून दिवसा दूरची केंद्रे ऐकू येत नाहीत. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, लहरी त्याही वरच्या थरापर्यंत जाऊन परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवर उतरतात. ज्यांनी खेड्यात रेडिओ ऐकला आहे त्यांना हे शास्त्र ठाऊक नसले तरी त्याचा परिणाम ठाऊक असतो. दिवेलागणीनंतर सुई फिरवली की दुपारी मुक्या असलेल्या जागी एकामागून एक अनोळखी केंद्रे बोलू लागत. लघुलहरींचे तसे नाही. त्या दिवसाही परावर्तित होतात आणि समुद्रापलीकडून येतात. मात्र वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कधी बळ धरतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. सिलोनचे गाणे लाटेसारखे वर-खाली होत येई, त्याचे हे कारण. आज त्या चढउतारासह ते गाणे आठवणारे श्रोते आहेत. ध्वनिमुद्रिकेवर तेच गाणे स्वच्छ ऐकले, की त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

संचाची गोष्ट वेगळी. खेड्यात वीज येण्यापूर्वी दिव्याच्या नळ्यांचा संच मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालवावा लागे आणि ती बॅटरी तालुक्याच्या ठिकाणाहून आणावी लागे. खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली असे. संच लावल्यावर नळ्या तापेपर्यंत थांबावे लागे. याखेरीज परवाना होताच. १८८५ च्या तार अधिनियमान्वये रेडिओ बाळगणाऱ्याने पोस्टात दरवर्षी शुल्क भरावे आणि परवान्याच्या पुस्तिकेत त्याची तिकिटे चिकटवून घ्यावीत, असा नियम होता. ऐंशीच्या दशकात तो टप्प्याटप्प्याने संपुष्टात आला. अनेक घरांत रेडिओ मोडीत गेला, पण ती पुस्तिका मात्र जमिनीच्या कागदांबरोबर अजून जपलेली आढळते. रेडिओच्या इतिहासाचे एवढे नेटके कागदोपत्री साधन दुसरे नाही, आणि त्याकडे अद्याप कोणी अभ्यासक फारसा वळलेला नाही.

सिलोन, केसकर आणि भावगीत

१९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटसंगीत अभिरुचीला घातक आहे, अशी त्यांची धारणा होती. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर निर्बंध आले, चित्रपटनिर्मात्यांशी बेबनाव झाला आणि ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ अदृश्य झाली. याच सुमारास श्रीलंकेतील रेडिओ सिलोनजवळ दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक होता आणि जाहिरातींना तेथे मज्जाव नव्हता. ३ डिसेंबर १९५२ रोजी बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी यांच्या निवेदनाने बुधवारची रात्री ८ ची वेळ हिंदुस्थानभर राखून ठेवली. आरंभी स्पर्धेच्या स्वरूपात असलेला हा कार्यक्रम पुढे लोकप्रियतेच्या क्रमवारीत रूपांतरित झाला, १९८९ मध्ये विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला. सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले, त्या दिवशी आमच्या परिसरातील अनेक वृद्धांनी आपल्या घरचे कोणी गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली.

'पायदान' हा शब्द वऱ्हाडातील निरक्षर माणसाच्याही तोंडी बसला तो याच कार्यक्रमाने. दात घासण्याची पेस्ट विकण्यासाठी रचलेला हा कार्यक्रम ज्या घरांत ऐकला जाई, त्यांतील कितीतरी घरांत तेव्हा कडुनिंबाची काडी आणि राखुंडी यांखेरीज दात घासण्याचे दुसरे साधन नव्हते. जाहिरातदाराचा हेतू या खेड्यांपुरता वाया गेला असे म्हणता येईल. गाणी मात्र वाया गेली नाहीत.

आकाशवाणीने या आव्हानाला दिलेले उत्तर म्हणजे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती. (मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तो दिवसही ३ ऑक्टोबरच, २०२४ चा. हा केवळ योगायोग आहे, पण तारखा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा.) १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी प्रसारणास प्रारंभ झाला तो मुंबई, पुणे आणि नागपूर येथून. देशातील पहिल्या तीन ठिकाणांत नागपूरचा समावेश होता, ही बाब आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झालेली आहे. तथापि मराठीपुरते पाहावयाचे झाल्यास या धोरणाची दुसरी बाजू ध्यानात घेतली पाहिजे. चित्रपटगीतांची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी आकाशवाणीने सुगम संगीताला उत्तेजन दिले आणि मराठी भावगीताला त्यामुळे एक हक्काचे व्यासपीठ मिळाले. 'गीतरामायण' याच वातावरणात जन्मले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीतांची मालिका पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून सुरू झाली आणि सुमारे वर्षभर चालली. भावगीताचा उगम मात्र त्याच्याही आधीचा आहे आणि तो वऱ्हाडातला आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तिसाव्या दशकात ध्वनिमुद्रित झाली आणि भावगीत या प्रकाराची ती आद्य ध्वनिमुद्रिका मानली जाते. कवी बुलढाणा जिल्ह्यातील वकील, आणि जोशी हेही नागपूरला शिकलेले. पुढे अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द रेडिओवरून घरोघरी गेले, ते याच वाटेने. भावगीत म्हणजे पुण्या-मुंबईची निर्मिती असे विद्यार्थ्यांस शिकविले जाते, तेव्हा मेहकरचे नाव आवर्जून घेतले जावे.

ओसरी आणि ओसरीबाहेर

येथवर जे सांगितले ते प्रसारणाच्या बाजूचे. ऐकण्याच्या बाजूचे सांगणे अधिक अवघड आहे.

गावातील पहिला रेडिओ कोणाच्या घरी होता, असे विचारले की उत्तर तत्काळ मिळते. पाटलांच्या, देशमुखांच्या, सावकाराच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी. पुढे ग्रामपंचायतीचा संच आला. पाठोपाठ येणारे वाक्यही सर्वत्र सारखेच असते, की सारा गाव मिळून रेडिओ ऐकत असे. हे वाक्य प्रस्तुत लेखकानेही अनेकदा विश्वासाने ऐकले आणि पुढे सांगितलेही. 'सारा गाव' म्हणजे कोण, असे विचारावयास मात्र बरीच वर्षे लागली.

विचारल्यावर चित्र बदलते. ओसरीवर सतरंजीवर बसणारे वेगळे, पायरीवर बसणारे वेगळे आणि अंगणाच्या काठाबाहेर, रस्त्यावर उभे राहणारे वेगळे. एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की त्यांनी जवळजवळ दहा वर्षे रेडिओ ऐकला, परंतु रेडिओची पेटी डोळ्यांनी पाहिली ती स्वतःचा ट्रान्झिस्टर विकत घेतला तेव्हाच. तोवर तो एक भिंतीपलीकडचा आवाज होता. त्यांचे घर गावकुसाबाहेर होते, यापेक्षा अधिक स्पष्टीकरण त्यांनी दिले नाही आणि ते मागण्याची आवश्यकताही नव्हती.

स्त्रियांचे ऐकणे आणखी निराळे. संच ओसरीवर आणि त्या चुलीपाशी. कानांवर पडे ते मधल्या दारातून, भाकरी थापण्याच्या आवाजातून गाळून आलेले. प्रस्तुत लेखकाच्या आजीला पन्नास-साठच्या दशकांतील कितीतरी चाली आजही येतात. परंतु गाणे कोणत्या चित्रपटातील, गायिका कोण, संगीतकार कोण, हे तिला सांगता येत नाही. आम्ही तिच्या या अज्ञानाची मौज करीत असू. पुढे लक्षात आले, की हे अज्ञान म्हणजे तिच्या बसण्याच्या जागेचा पुरावा आहे. गाण्याचा स्वर चढा असतो म्हणून तो आतपर्यंत पोहोचे, निवेदकाचे बोलणे खालच्या पट्टीतले म्हणून ते ओसरीवरच राही. आबाजींना, म्हणजे आजोबांना, तेच सारे तपशील मुखोद्गत होते, चालीचे मात्र त्यांना वावडे होते. त्या एका संचाने एकाच घरात दोन निरनिराळे श्रोते घडविले.

या दृष्टीने पाहता ट्रान्झिस्टरच्या आगमनाविषयीचे रूढ मत तपासून घ्यावे लागते. स्मरणरम्य लेखनात ट्रान्झिस्टर हा बहुधा खलनायक असतो. त्याने बैठक मोडली, एकत्र ऐकणे संपविले, माणसे आपापल्या कोपऱ्यात गेली, असा त्याच्यावर आरोप असतो. ओसरीवर बसणाऱ्यांच्या बाजूने हा आरोप खरा आहे. बाहेर उभे राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिल्यास ट्रान्झिस्टर हे पहिले असे यंत्र होते, की जे ऐकण्यासाठी कोणाच्या अंगणात जाण्याची गरज उरली नाही. कपाशीच्या वेचणीला जाताना तो सायकलच्या दांड्याला अडकविता येई, धुऱ्यावरच्या बाभळीला टांगता येई. पाहिजे ते केंद्र लावण्याचा अधिकार प्रथमच हातात आला. सुई कोणी फिरवावयाची, हा प्रश्न ओसरीवर कधी कोणी विचारला नव्हता, कारण त्याचे उत्तर ठरलेले होते. तेव्हा गेलेल्या बैठकीचे दुःख सर्वांचे आहे असे गृहीत धरून लेखन करणे, हे अभ्यासकाला शोभणारे नाही. मराठीतील रेडिओविषयक बरेचसे लेखन हेच गृहीत धरून चालते, असे खेदाने म्हणावे लागते.

शासनाच्या बाजूने सामूहिक श्रवणाचा एक शिस्तबद्ध प्रयोग महाराष्ट्रात झाला होता. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० खेड्यांतून 'रेडिओ ग्रामसभा' चालविल्या. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि त्यातील काही कृतीत आणावे, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेकडून तिचे मूल्यमापन झाले. पुढे देशभर तिचे अनुकरण झाले. वऱ्हाड त्या वेळी दुसऱ्या राज्यात असल्याने पहिल्या प्रयोगात आले नाही. त्यामुळे आपल्याकडच्या श्रवणाचे त्या काळातले असे शास्त्रशुद्ध वर्णन आपल्याला लाभलेले नाही. आपल्यापाशी आहेत त्या फक्त आठवणी.

स्मृतीतील गफलती

आणि आठवणी चुकतात. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

महात्मा गांधींच्या हत्येची बातमी नागपूर केंद्रावरून ऐकल्याचे सांगणारे वृद्ध भेटतात. ३० जानेवारी १९४८ रोजी नागपूर केंद्र अस्तित्वातच नव्हते. ते साडेपाच महिन्यांनी सुरू झाले. बातमी त्यांनी ऐकली असेल तर ती दिल्लीची किंवा मुंबईची, किंवा अधिक संभवनीय म्हणजे कोणाकडून तरी ऐकलेली. पुढे नागपूर हे आपले केंद्र झाले आणि स्मृतीने मागे जाऊन ती बातमीही त्याच केंद्राच्या पदरात टाकली.

दुसरे उदाहरण गीतरामायणाचे. १९५५ मध्येच आपण ते दर आठवड्याला ऐकत होतो, असे आग्रहाने सांगितले जाते. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेले. त्याच्या मध्यम लहरी सकाळच्या उजेडात वऱ्हाडापर्यंत स्पष्ट पोहोचणे कठीणच. पुढील काळात पुनःप्रसारणे झाली, ध्वनिमुद्रिका निघाल्या, सुधीर फडक्यांचे जाहीर कार्यक्रम गावोगाव झाले. या साऱ्या नंतरच्या श्रवणांचा एकच ओघ होऊन तो १९५५ च्या रामनवमीशी जाऊन मिळाला असावा.

अशा गफलती आढळल्या, की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया होतात. एक म्हणजे, आठवण खोटी म्हणून ती टाकून देणे. दुसरी म्हणजे, वृद्धांचा मान राखून ती जशीच्या तशी छापणे. दोन्ही पद्धतींत नुकसानच होते. याहून वेगळी वाट कोणती, हा प्रश्न पडला असता तिचे उत्तर आजोळीच, रिद्धपुरात, सातशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे, असे ध्यानात आले.

रिद्धपूरचा पाठ

श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आले. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून चक्रधरांच्या आठवणी ऐकून त्या लिहून काढल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या ज्या व्यक्तीसमोर एखादी लीळा घडली, त्या व्यक्तीकडे जाऊन त्यांनी ती पडताळून पाहिली. लीळाचरित्रात प्रसंगाचे गाव येते, मठ किंवा देऊळ येते, उपस्थितांची नावे येतात. कोण कोठे बसले होते, हेदेखील येते. ओसरी आणि पायरी यांतील भेद नोंदविण्याची दृष्टी मराठी गद्याला पहिल्याच ग्रंथात होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

पुढे खलजी आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला तो ज्यांना तो पाठ होता त्यांच्या स्मरणातून. यात हिराइसा या स्त्रीच्या पाठाला विशेष मान्यता मिळाली. वेगवेगळ्या स्मरणकर्त्यांचे पाठ जुळले नाहीत, तेव्हा महानुभाव ग्रंथकारांनी एक ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमुकाची 'वासना' अशी आहे, अशी नोंद करून भिन्न पाठही शेजारी ठेवला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली लीळाचरित्राची प्रत ज्यांनी चाळली आहे, त्यांना हा प्रकार परिचित आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. पंथीयांसाठी अवतारी पुरुषाचा शब्द पवित्र होता, म्हणून त्यांनी एवढी काळजी घेतली. रेडिओवरील गाणे आणि बाजारभाव यांना ती योग्यता कशी द्यावी? आक्षेप रास्त आहे आणि येथे तुलना वस्तूंची नाही, पद्धतीची आहे. शिवाय नागदेवाचार्यांनी केशोबासांस संस्कृतात ग्रंथ रचण्यापासून परावृत्त केले ते, आपल्यातील म्हाताऱ्या स्त्रिया त्याला मुकतील, या कारणास्तव. ऐकणारा कोण आहे, याचा विचार सांगण्याच्या आधी करणारी ही परंपरा आहे. प्रसारणाचा अभ्यास करणाऱ्याला याहून जवळची परंपरा दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही.

आजची निकड वेगळ्या कारणाने आहे. आकाशवाणीच्या संग्रहात मोठ्या कलावंतांची ध्वनिमुद्रणे सुरक्षित आहेत. परंतु सुरुवातीचे पुष्कळसे प्रसारण थेट होत असे, आणि ध्वनिफीत आल्यावरही ती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरली जाई. केंद्रावरील नित्याचे निवेदन, गावकऱ्यांसाठीचे संवाद, एखाद्या खेड्यातील भजनी मंडळाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम हे सारे हवेत विरून गेले. सारेगम कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणलेल्या 'कारवाँ' या रेडिओच्या आकाराच्या यंत्रात पाच हजार गाणी भरून मिळतात आणि गीतमालेचे निवेदनही मिळते. ते घरोघरी भेट म्हणून दिले जाते. त्यात गाणी आहेत, प्रतीक्षा नाही. बुधवारपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही, गाणे हुकण्याची भीती नाही आणि लाटेसारखा येणारा-जाणारा आवाजही नाही. ध्वनी वाचला, श्रवण वाचले नाही. ते केवळ श्रोत्यांपाशी आहे आणि पन्नासच्या दशकातील श्रोते आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत.

महाविद्यालयांतील मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांना हे काम एखाद्या मोठ्या अनुदानाविना करता येईल. विद्यार्थी याच खेड्यांतून येतात, त्यांच्या घरी हे श्रोते आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. प्रश्न मात्र नीट विचारले पाहिजेत. 'तुम्हाला कोणती गाणी आवडत?' या प्रश्नाला ठराविक उत्तर मिळते. 'संच कोणाच्या घरी होता, तुम्ही कोठे बसत होता, सुई कोण फिरवी, तुम्हाला उठावे केव्हा लागे?' या प्रश्नांना मिळणारी उत्तरे ठराविक नसतात. परवान्याची पुस्तिका घरात असल्यास तिचे छायाचित्र घ्यावे. सांगणाऱ्याची भाषा प्रमाण करून घेऊ नये. 'रेडिओले हात नोको लावू' हे वाक्य 'रेडिओला हात लावू नकोस' असे लिहिले, की त्यातला आबाजींचा दरारा नाहीसा होतो. आणि दोन सांगणारे परस्परविरुद्ध सांगत असतील तर दोघांचेही लिहून घ्यावे.

हे शेवटचे सांगण्यास सोपे आणि करण्यास कठीण आहे, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घरातच घेतला. आमच्या आजोळी पहिला रेडिओ आला तो १९६५-६६ च्या सुमारास. आबाजी सांगत, की त्या वर्षी कापूस चांगला पिकला, पौषात अमरावतीच्या बाजारात गाडी मोकळी केली आणि परतताना संच घेऊन आलो. ही गोष्ट घरातील लहानथोरांना पाठ आहे आणि प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या दिवसांत ती टिपूनही ठेवली होती. आबाजी २०११ मध्ये वारले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, सहज बोलता बोलता, आजीने सांगितले की संच पोळ्याच्या आधी आला. पोळ्याच्या आधी कापूस घरात नसतो, पैसाही नसतो. तिच्या माहेरची एकदाणी त्या महिन्यात मोडली गेली, एवढेच ती पुढे म्हणाली आणि उठून आत गेली.

वहीत आता दोन्ही पाठ आहेत. पहिल्यापुढे आबाजींचे नाव, दुसऱ्यापुढे आजीचे. परवान्याची पुस्तिका सापडल्यास तिच्यावरील पहिल्या तिकिटाच्या शिक्क्यावरून महिना कळू शकेल. ती माळ्यावरच्या पेटीत असावी, असे मामांचे म्हणणे आहे. आजीला हल्ली कमी ऐकू येते, प्रश्न मोठ्याने आणि दोनदा विचारावा लागतो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत पेटी उतरविण्याचे आणि तिच्याजवळ पुन्हा बसण्याचे ठरविले आहे.